चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि त्यांचा क्रूसावरील ख्रिस्त

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकात संतांची व सेवाव्रती धर्मगुरूंची चरित्रे द्यावीत असा शिरस्ता आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु येथे आम्ही जे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो ते कोणा संताचे नव्हे. आईने ज्याला लहानपणी देवाला वाहिले, वयात आल्यावर जो देवळाबाहेर निघून गेला, आणि तरीही ज्याच्या हातून वारंवार क्रूसच रेखाटला गेला, अशा एका गोमंतकीय चित्रकाराचे हे चरित्र आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा हे त्यांचे नाव. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात ते अग्रगण्य मानले जातात. पण आमच्या लासूर स्टेशनच्या परिसरात ते नाव ऐकलेली माणसे थोडीच असतील. त्यांचे जीवन सर्वस्वी अनुकरणीय होते असा आमचा दावा नाही. तथापि प्रभूच्या दुःखसहनाचे जे दर्शन त्यांच्या चित्रांतून घडते, ते आपणा श्रद्धावंतांना एक अडचणीचा प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नासाठीच हा लेखनप्रपंच आहे. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या क्रूसाकडे आपण खरोखर पाहतो काय?

सूझा यांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यातील बारदेस तालुक्यात, साळगाव या गावी झाला. तो शनिवार होता. दुसऱ्याच दिवशी झावळ्यांचा रविवार यायचा होता आणि पवित्र सप्ताहास प्रारंभ व्हायचा होता. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. घराणे कॅथोलिक व श्रद्धाळू. मूल अवघे तीन महिन्यांचे असताना पिता निवर्तला, आणि पुढे लवकरच थोरली बहीणही गेली. दोन मृत्यूंचे दुःख उराशी आणि एकुलते एक मूल पदराशी घेऊन ती विधवा माता मुंबईस आली व शिवणकाम करून आपला व मुलाचा चरितार्थ चालवू लागली.

अशात त्या बालकाला देवी आल्या. तरुण वाचकांना या रोगाची कल्पना येणार नाही, कारण १९७५ नंतर तो आपल्या देशातून नाहीसा झाला. पण ज्यांच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत अशी वडीलधारी माणसे आमच्या लहानपणी गावोगाव दिसत. हा रोग घरात शिरला म्हणजे वैद्याच्या हाती फारसे काही उरत नसे. त्या मातेने संत फ्रान्सिस झेवियर यांच्याकडे धाव घेतली आणि नवस केला की मूल वाचले तर ते धर्मगुरू होईल. मूल वाचले. उपकाराची खूण म्हणून न्यूटन या त्याच्या नावाआधी फ्रान्सिस हे संताचे नाव जोडण्यात आले. व्रण मात्र चेहऱ्यावर कायमचे राहिले. नवस म्हणजे काय हे आमच्या भागात कोणास समजावून सांगावयास नको. नवस आई बोलते, परंतु तो फेडावयाचा असतो मुलाने. आणि ज्याच्या वतीने शब्द दिला गेला त्याच्या मनावर त्या शब्दाचे ओझे केवढे पडत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

बालपणी हा मुलगा काही काळ गोव्यात आपल्या आजीजवळ राहिला. तेथील देवळे उंच व भव्य. सोनेरी वेदी, मेणबत्त्यांचा उजेड, धूप, धर्मगुरूंचे भरजरी झगे, लाकडात कोरलेले संत, आणि या सर्वांच्या मध्यभागी अंगभर जखमा असलेला, रक्त ओघळत असलेला क्रूसावरील ख्रिस्त. उपवासकाळात क्रूस वाहणाऱ्या प्रभूच्या माणसाएवढ्या मूर्तीची मिरवणूक काढण्याची रीत गोव्यात फार जुनी आहे. पुढे मोठेपणी सूझा यांनी आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा या देवळांविषयी त्यांनी विस्ताराने लिहिले. विशेष हे की उपदेश त्यांच्या फारसे ध्यानात राहिले नाहीत. ध्यानात राहिले ते दृश्य. एवढ्या वैभवाच्या मध्यभागी एवढी वेदना का, हे त्या लहान मुलास उलगडले नसावे. त्याच्या पुढील सर्व क्रूसचित्रांचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

मुंबईत येशूसंघाच्या धर्मगुरूंनी चालविलेल्या सेंट झेवियर्स शाळेत त्याचे शिक्षण झाले, परंतु ते पुरे झाले नाही. शाळेच्या भिंतीवर अशोभनीय चित्रे काढल्याच्या आरोपावरून त्याला काढून टाकण्यात आले. धर्मगुरू होण्याची वाट तेथेच खुंटली. १९४० साली त्याने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. हात तयार होता, पण स्वभाव बंडखोर होता, आणि काळही बंडाचा होता. १९४२ च्या छोडो भारत चळवळीने विद्यार्थ्यांची मने पेटविली होती. राजकीय हालचालींत भाग घेतल्यावरून १९४५ साली कलाशाळेनेही त्याला बाहेर काढले. म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत दोन विद्यालयांनी या तरुणास निरोप दिला होता.

येथून पुढे सूझा यांचे कर्तृत्व सुरू होते. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत पुरोगामी चित्रकारांचा एक गट स्थापन केला. सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी आरा, मूर्तिकार सदानंद बाकरे आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडे हे त्यातील त्यांचे सोबती. हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती तरुण फाळणीच्या त्या रक्तरंजित काळात एकत्र बसून नव्या चित्रकलेचा विचार करीत होते, ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. काही काळ सूझा साम्यवादी पक्षातही होते. त्यांच्या नग्नचित्रांवरून तक्रारी झाल्या, पोलिसांनी घराची झडती घेतली, आणि १९४९ साली ते इंग्लंडास निघून गेले.

लंडनमधील पहिली वर्षे दारिद्र्याची होती. चित्रे कोणी घेईना. पत्नीच्या मिळकतीवर संसार चाले. सहा वर्षांनी, १९५५ मध्ये, कवी स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या एका नामांकित मासिकात त्यांचा आत्मचरित्रपर लेख प्रसिद्ध झाला, व त्याच वर्षी लंडनच्या एका लहानशा चित्रदालनात भरलेल्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले. १९५६ पासून काही वर्षे एका अमेरिकन संग्राहकाने त्यांना नियमित आश्रय दिला. पोटाची विवंचना संपताच या चित्रकाराने काय काढावे? धनिकांच्या दिवाणखान्यात शोभतील अशी रम्य चित्रे काढणे सोपे होते. त्यांनी निसर्गदृश्ये व व्यक्तिचित्रेही काढली. पण याच सुबत्तेच्या वर्षांत ते पुनःपुन्हा वळले ते साळगावच्या देवळातील त्या जखमी पुरुषाकडे.

या चित्रांपैकी प्रमुख म्हणजे १९५९ सालचे 'क्रूसारोपण'. ते आज लंडनच्या टेट या सरकारी कलासंग्रहालयाच्या मालकीचे आहे. तैलरंगात फळीवर काढलेले हे चित्र सुमारे ६ फूट उंच व ४ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ पुरुषभर उंचीचे आहे. त्यातील ख्रिस्त काळा आहे. आपल्याकडील तसबिरींत दिसणारा गोरा वर्ण, सोनेरी केस व शांत मिटलेले डोळे यांचा येथे लवलेशही नाही. शरीर जाड काळ्या रेषांनी बांधलेले, वाळलेल्या बाभळीसारखे रखरखीत. काटे केवळ मस्तकावरील मुगुटापुरते राहिलेले नाहीत. काट्यांसारख्या टोकदार रेषा सर्वांगातून फुटल्या आहेत, जणू ते शरीरच काट्यांचे झाले आहे. दोन्ही बाजूंस दोन आकृती उभ्या आहेत, पण त्यांच्यामुळेही पाहणाऱ्यास धीर येत नाही. सौम्य प्रकाश नाही, देवदूत नाहीत. एका माणसाला लाकडावर ठोकून मारिले आहे, एवढेच ते चित्र सांगते.

१९६२ साली त्यांनी काढलेले आणखी एक क्रूसारोपण इंग्लंडातील मेथडिस्ट मंडळीच्या आधुनिक ख्रिस्ती चित्रांच्या संग्रहात आहे. स्पेनमधील मध्ययुगीन भित्तिचित्रे, गोव्यातील लाकडी मूर्ती आणि भारतीय मंदिरशिल्पे या तिहींचे संस्कार त्यांच्या हातावर झाले होते. परंतु चित्रातील दाहकता त्यांची स्वतःची होती.

असे चित्र पाहून श्रद्धाळू मनास धक्का बसणे स्वाभाविक आहे. ज्याची आपण आराधना करितो त्याला इतके विद्रूप का दाखवावे, असा आक्षेप कोणीही घेईल. हा आक्षेप नवा नाही आणि तो क्षुद्रही नाही. १९२१ साली बेल्जियममधील चित्रकार आल्बर्ट सर्व्हास यांनी एका कार्मेल मठाच्या देवळासाठी काढलेली क्रूसाच्या वाटेची चित्रे अशाच कारणावरून रोमच्या आदेशाने काढून घेण्यात आली होती. पुढे ख्रिस्तसभेची भूमिका अधिक उदार झाली. १९६४ साली पोप सहावे पौल यांनी सिस्टीन मंदिरात कलावंतांना बोलावून, ख्रिस्तसभेकडूनही त्यांच्यावर जाचक बंधने लादली गेली हे मोकळेपणाने मान्य केले आणि तुटलेला स्नेह पुन्हा जोडण्याची विनंती केली. १९७३ साली त्यांनीच व्हॅटिकनमध्ये आधुनिक धार्मिक कलेचा संग्रह खुला केला.

पण आक्षेपाचे खरे उत्तर त्याहून जुने आहे. सुमारे १५१२ ते १५१६ या काळात माथियास ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने आल्सास प्रांतातील इझेनहाइम येथील मठासाठी एक वेदीचित्र रंगविले. त्या मठाच्या रुग्णालयात संत अंतोनीचा अग्नी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भयंकर रोगाचे रुग्ण असत. आपल्या बाजरीवर जसा अरगट पडतो, तसाच तिकडील राय नावाच्या धान्यावर पडे. तसले धान्य खाऊन लोकांच्या अंगाची आग होई, हातपाय काळे पडून झडत. ग्र्यूनेवाल्डने क्रूसावरील प्रभूचे शरीर हिरवट, व्रणांनी भरलेले व बोटे वेदनेने वाकडी झालेली असे रंगविले. ते रुग्ण त्या चित्रापुढे आणिले जात, तेव्हा आपलेच व्रण प्रभूच्या अंगावर आहेत असे त्यांना दिसे. गोजिऱ्या ख्रिस्ताने त्यांचे समाधान झाले नसते. यशया संदेष्ट्यानेही दुःखी सेवकाचे वर्णन करिताना त्याला सुंदर म्हटलेले नाही. लोकांनी तोंड फिरवावे असा तो होता, हेच त्याने सांगितले आहे.

आता त्या देवीच्या व्रणांची आठवण करावी. ज्याच्या स्वतःच्या मुखावर मृत्यूने खुणा ठेविल्या होत्या, त्या मुलाने मोठेपणी प्रभूच्या अंगावर व्रण काढिले. ही टिंगल होती असे म्हणणारे म्हणोत. आम्हांस ती ओळख वाटते. तोंड फिरवून जाणाऱ्या जगाचा अनुभव त्याला होता.

याच गोमंतकाने आपणांस आणखी एक चित्रकार दिला, आणि त्यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. आंजेलो द फोन्सेका हे १९०२ साली जन्मले, शांतिनिकेतनात शिकले व पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून १९६७ साली मृत्यू येईपर्यंत ख्रिस्ती विषयांवर चित्रे काढीत राहिले. त्यांची पवित्र मरिया साडी नेसलेली, शांत, आपल्या घरातील वाटते. त्यांच्यावरही टीका झाली, पण ते ख्रिस्तसभेत प्रार्थनाशील राहिले. फोन्सेका यांनी प्रभूला आपल्या अंगणात आणिले. सूझा यांनी त्याला पुन्हा कालवारीवर नेऊन उभे केले. नाताळच्या गोठ्याशी पहिल्यांची चित्रे शोभतील, शुक्रवारच्या क्रूसाशी दुसऱ्यांची. दोन्ही सण ज्या ख्रिस्तसभेचे आहेत, तिने दोघांनाही आपले म्हणावे हे उचित.

सूझा यांचे दोष झाकण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचा संसार स्थिर राहिला नाही, काही वर्षे मद्याने त्यांना ग्रासले होते, आणि अनेक चित्रांत त्यांनी मर्यादेचा भंग केला. ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांविषयी त्यांच्या मनात राग होता. त्यांनी रंगविलेले धर्माधिकारी भरजरी वस्त्रांत असूनही कठोर मुद्रेचे व करुणाशून्य दिसतात. धर्मगुरू या नात्याने आम्हांस ती चित्रे पाहणे सुखाचे नाही. तथापि त्यांतून एक गोष्ट आम्ही आमच्यापुरती घेतली आहे. ज्या मुलाला आपल्यासारखे व्हावयाचे होते त्याला आपले चेहरे असे का दिसले असावेत, हा प्रश्न प्रत्येक धर्मगुरूने वेदीवर चढण्यापूर्वी स्वतःस विचारण्याजोगा आहे. भरजरी झगा आणि उघडा क्रूस या दोहोंत मुलांच्या नजरेस आधी काय पडते?

त्यांच्या क्रूसचित्रांत आणखी एक उणीव आम्हांस जाणवते. तेथे तिसऱ्या दिवसाची चाहूल नाही. आमची श्रद्धा शुक्रवारी थांबत नाही; रिकाम्या कबरीशिवाय क्रूस ही केवळ एक क्रूर शिक्षा ठरेल. म्हणून असे चित्र आमच्या वेदीमागे कायमचे लावावे काय असे कोणी विचारले, तर आम्ही नाही म्हणू. वेदीपुढे नवरानवरी येतात, बाप्तिस्म्यासाठी तान्ही बालके येतात. त्यांना सबंध शुभवर्तमान दिसले पाहिजे. परंतु उपवासकाळात, क्रूसाच्या वाटेची भक्ती करिताना, हे चित्र आमच्या लोकांसमोर ठेवण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटणार नाही. शनिवारची शांतता व रविवारचा आनंद यांची खरी किंमत कळावी म्हणून शुक्रवार पूर्णपणे शुक्रवार असावा लागतो.

१९६७ साली सूझा अमेरिकेत न्यूयॉर्क येथे राहावयास गेले. तेथे त्यांनी दीर्घकाळ काम केले, पण लंडनमधील कीर्तीचे दिवस परत आले नाहीत. उतारवयात ते भारतात येत-जात, आणि २८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. जिवंतपणी ज्याच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळत नव्हते त्याच्या १९५५ सालच्या एका चित्रास २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. जगाचा न्याय असा उशिराचा असतो. पण आमचे लक्ष त्या आकड्याकडे जात नाही. ते जाते मृत्यूच्या तिथीकडे. २००२ सालचा २८ मार्च हा पवित्र गुरुवार होता. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी जन्मलेला हा मनुष्य प्रभूच्या अखेरच्या भोजनाच्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या देवळांतून क्रूसावरील आच्छादन दूर होऊन लोक त्याच्या चरणांचे चुंबन घेत होते. या योगायोगातून काही सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. देवाच्या दयेचा हिशेब आमच्या वहीत मावणारा नाही.

नवस फिटला की नाही, हाही प्रश्न आम्ही त्याच दयेवर सोपवितो. तो मुलगा धर्मगुरू झाला नाही. मिस्साबलिदान अर्पण करण्याचा अधिकार त्याला मिळाला नाही, आणि चित्र म्हणजे मिस्सा नव्हे हे आम्ही जाणतो. पण प्रभूचे मरण लोकांपुढे मांडणे हे धर्मगुरूच्या कामांपैकी एक काम आहे, आणि ते काम या देवळाबाहेर गेलेल्या माणसाने आपल्या परीने, रागाने का होईना, आयुष्यभर केले. जी माणसे कधी देवळात पाऊल टाकणार नाहीत अशी सहस्रावधी माणसे लंडनच्या त्या संग्रहालयात त्याच्या क्रूसापुढे क्षणभर थबकली असतील.

आमच्या या भागात दुःखाची चित्रे शोधण्यासाठी लंडनला जावे लागत नाही. पावसाने दगा दिलेली कपाशी आपण पाहिली आहे. ऊसतोडीस निघालेली बिऱ्हाडे, त्यांच्या पाठीमागे गावात राहिलेली म्हातारी माणसे व शाळा सुटलेली मुले आपण पाहतो. कर्जाच्या ओझ्याखाली ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरातील माउलीला आपण सांत्वन करावयास जातो तेव्हा शब्द सुचत नाहीत. अशा माउलीच्या भिंतीवर गुळगुळीत, रंगविलेला, वेदना नसलेला ख्रिस्त टांगलेला असेल, तर तो तिच्याशी काय बोलणार? काट्यांचा ख्रिस्त बोलेल. तिचे दुःख त्याला परके नाही, एवढे तरी तिला दिसेल. आणि मग पुनरुत्थानाची आशा तिला सांगण्याचा अधिकार आपणांस येईल.

म्हणून या महोत्सवी वर्षात आमची धर्मग्रामातील कुटुंबांना एक साधी विनंती आहे. घरातील क्रूस खाली घ्यावा, त्यावरील धूळ पुसावी, आणि तो पुन्हा टांगण्यापूर्वी थोडा वेळ हातात धरून पाहावा. मुलांनाही पाहू द्यावा. त्यांनी काही विचारले तर दडपू नये. आणि येत्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेवर बाराव्या स्थानापाशी आपण गुडघे टेकू, तेव्हा नेहमीच्या प्रार्थनेनंतर दोन जीवांसाठी एक प्रार्थना अधिक म्हणावी: रोगी मुलाच्या उशाशी बसून नवस बोललेल्या त्या मातेसाठी, आणि तो नवस आपल्या वेगळ्या वाटेने वाहत राहिलेल्या तिच्या पुत्रासाठी. प्रभू त्यांस चिरशांती देवो.